तारेवरची मिरेट

एमिली आर्नल्ड मॅककुली यांच्या ‘मिरेट ऑन द हाय वायर’ या चित्रमय पुस्तकाला १९९३ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. चित्रेही लेखिकेचीच. पुस्तक इंग्रजी, मी गोष्ट मराठीत सांगितली, नातीने प्रश्न हिब्रूत विचारले.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे पॅरिस. नाटक-सर्कसवाले उतरतात अशा खाणावळीच्या मालकिणीची मुलगी मिरेट. बेलिनी नावाचा पाहुणा मागच्या अंगणात तारेवर चालताना तिला दिसतो. तो शिकवायला नकार देतो. ती एकटीच सराव करते, पुन्हा पुन्हा पडते. शिकणे असेच असते. पण मला थांबवले ते पुढच्या पानाने. नायगारा ओलांडलेला हा नामांकित माणूस (ब्लाँदँने १८५९ मध्ये तो दोरावरून खरोखरच ओलांडला होता) त्या पोरीजवळ कबूल करतो की, मला भीती वाटते. इतकी वर्षे वर्गात उभी राहिले, मुलांपुढे असे कधी बोलले नाही.

शेवट मात्र मला खटकला. रात्री, छपरांवरच्या उंच तारेवर बेलिनी थिजतो. मिरेट समोरून चालत येते आणि त्याचे पाय सुटतात. इतकी जुनी भीती दोन पानांत जाते होय?

नात म्हणाली, “गेली नाही, आजी. तो घाबरत घाबरतच चालला.”

मी पान परत उलटले. शब्दांत तसे कुठे नाही, तरी तिचेच बरोबर असावे.