चियाओ फंग कुणाचा?

चिनी युद्धकलेच्या कादंबऱ्यांना तिकडे 'वूशिया' म्हणतात. आज त्यांच्याबद्दल बोलू. वूशिया म्हटलं की डोळ्यांसमोर छपरांवरून उड्या मारणारी माणसं येतात, तळहाताच्या एका फटक्याने कोसळणाऱ्या भिंती येतात. मग आपण म्हणतो, करमणूक आहे झालं, वाचक घटकाभर जग विसरतो. हे उत्तर आम्हाला अपुरं वाटतं.

सुरुवात कशी झाली ते बघा. जानेवारी १९५४ मध्ये मकाऊत दोन उस्तादांची जाहीर लढत झाली. एक ताय-चीचा, दुसरा श्वेत सारस शैलीचा. काही मिनिटांत ती अनिर्णित संपली, पण हाँगकाँगमधली चर्चा थांबेना. तिथल्या 'न्यू ईव्हनिंग पोस्ट' या सायंदैनिकाने संधी साधली आणि ल्यांग युशंग यांची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. पुढच्या वर्षी त्यांचेच सहकारी जिन योंग लिहू लागले.

आता हा वाचक कोण होता? १९४९ च्या क्रांतीच्या आगेमागे मुख्य भूमीवरून लाखो लोक हाँगकाँगला आले होते. गाव मागे सुटलेलं आणि डोक्यावर राज्य इंग्रजांचं. जिन योंगही बाहेरून आलेलेच, चच्यांग प्रांतातले. या वाचकाला रोज वर्तमानपत्रात 'जियांगहू' भेटत होतं. शब्दशः अर्थ 'नद्या आणि सरोवरं'. कादंबरीत मात्र ते सरकारच्या कक्षेबाहेरचं जग असतं, भटक्या योद्ध्यांचं, साधूंचं, भिकाऱ्यांचं. तिथे माणसाची पत ठरते ती त्याने शब्द पाळला की नाही यावरून. गाव सुटलेल्या माणसाला याची ओढ वाटणारच. आजही शहरात पोटामागे आलेल्या वाचकाला ती वाटते, ती यामुळेच.

पण जिन योंग हे स्वप्न तसंच राहू देत नाहीत. १९६३ पासून 'मिंग पाओ' या स्वतःच्या दैनिकात त्यांनी 'तियानलोंग बाबू' लिहिली. हे नाव बौद्ध ग्रंथांतलं आहे. देव, नाग, यक्ष, गंधर्व अशा आठ वर्गांचं, म्हणजे आपल्या ओळखीचं. तिचा एक नायक चियाओ फंग हा भिकाऱ्यांच्या संघटनेचा म्होरक्या. काळ अकराव्या शतकातला. भर सभेत उघड होतं की तो जन्माने खितान आहे, शत्रूच्या लोकांतला. त्याने शब्द मोडलेला नाही, कुणाला दगा दिलेला नाही. तरी कालचे सोबती दूर होतात. म्हणजे जियांगहूसुद्धा शेवटी जन्मच विचारतं!

आपल्याला इथे कर्ण आठवतो. पण कर्णाला निदान दुर्योधनाची बाजू असते. चियाओ फंगला दोन्हीकडची माणसं आपली वाटतात. खितान सम्राट हा त्याचा मानलेला भाऊ. तो सोंग राज्यावर चालून निघतो तेव्हा चियाओ फंग त्याच्याकडून हयातभर चढाई न करण्याची शपथ घेववतो आणि तिथेच स्वतःच्या छातीत बाण खुपसतो. युद्ध टळतं, पण त्याला जागा मिळत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. त्याच्यावर प्रेम करणारी आ-चू वडिलांचं सोंग घेऊन येते आणि त्याच्याच हातून मरते. नायकाच्या दुःखाला खोली यावी म्हणून बाईचा जीव खर्ची पडतो. लेखक माणसाच्या जन्माबद्दल इतका जागा, पण इथे त्याचं लक्ष नाही.

शेवटच्या कादंबरीत, १९६९ ते ७२ मध्ये, जिन योंग हाच प्रश्न पुन्हा घेतात. तिचा नायक वेइ शियाओबाओ कुंटणखान्यात वाढलेला, युद्धकला जेमतेम येणारा. अखेरीस तो आईला विचारतो, माझा बाप कोण? ती गिऱ्हाइकं आठवते. हान, मांचू, मंगोल, मुसलमान, तिबेटी, कुणीही असेल! ज्या प्रश्नाने चियाओ फंगचा जीव घेतला, त्यावर इथे हसू येतं. आमच्या मते या कादंबऱ्या टिकल्या त्या या प्रश्नामुळे. तलवारी वाचकाला आत आणतात, एवढंच त्यांचं काम.