भाजण्याचे ‘कारण’ कोण सांगते?

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) घाटी रुग्णालयात मराठवाड्यातल्या गावागावांतून भाजलेले रुग्ण येतात. अशा रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या शोधनिबंधांतला तक्ता ठरलेला असतो: वय, लिंग, भाजल्याचे प्रमाण, कारण, परिणाम. यांपैकी भाजल्याचे प्रमाण डॉक्टर स्वतः पाहून ठरवतात. प्रौढाचा एक हात म्हणजे त्वचेचा 9 टक्के भाग, एक पाय 18 टक्के, असा हिशेब असतो. ‘कारण’ मात्र बहुधा सांगितलेले असते. विवाहितेसोबत पुष्कळदा सासरचीच माणसे असतात. ज्या घरी मुले आहेत, परत जायचे आहे, त्या घराविरुद्ध ती काय बोलणार? ‘स्टोव्हचा भडका उडाला’ एवढे कागदावर येते आणि तक्त्यात त्याचीही टक्केवारी होते, तीही दशांश चिन्हासह!

म्हणून प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांचा 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निबंध शिक्षकांनी जरूर वाचावा. त्यांनी देशभरच्या मृत्युनोंदी तपासल्या. 2001 साली भारतात आगीने 1,63,000 हून अधिक मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. पोलिसांकडील आकड्याच्या सहापट. त्यांत 65 टक्के स्त्रिया, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. स्थानिक अभ्यासांत एका तरुणामागे सरासरी तीन तरुणी.

हे आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे: दोष फक्त स्टोव्हचा असेल, तर त्याच स्टोव्हपुढे बसणाऱ्या पन्नाशीच्या बायका यात कमी का? नव्या सुनेला स्वयंपाक जास्त पडतो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे, ते कसे तपासायचे, हा पुढचा प्रश्न.

निबंधात उणिवा आहेतच. ग्रामीण भागातले आकडे मृताच्या घरच्यांना विचारून केलेल्या पाहणीतून आले आहेत, म्हणजे इथेही सांगणारे तेच! पण बाई भाजून गेली हे लपवणे अवघड असते, का भाजली हे लपवणे सोपे. त्यामुळे एकूण संख्येवर मी अधिक विश्वास ठेवीन. स्वयंपाकघरातले अपघात, स्वतःला पेटवून घेणे आणि घरातली हिंसा ही तिन्ही कारणे मात्र निबंध एका दमात सांगतो. कोणते किती, हे मृत्युनोंदींतून कळणारही नाही.

ते कळायचे तर रुग्णालयाच्या तक्त्यात ‘कारण’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: कारण कोणी सांगितले, आणि त्या वेळी खाटेपाशी कोण उभे होते.