रोधकाचा विसंवाहक आधार आणि पेटंट-वर्गीकरणाची दृष्टी

पेटंटांचे वर्गीकरण ही केवळ कार्यालयीन सोय समजली जाते. वस्तुतः एखादा शोध नवा की जुना, हा निर्णय पुष्कळदा जुने दस्तऐवज कोणत्या कप्प्यात ठेवले आहेत यावर अवलंबून असतो. विद्युत् रोधकाच्या म्हणजेच रेझिस्टरच्या विसंवाहक आधाराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

अभ्रकाचा पत्रा, चिनी मातीची नळी किंवा अॅल्युमिनाची पट्टी रोधकतारेला नुसती धरून ठेवत नाही. आधाराला विद्युत्प्रवाह अडवावा लागतो, उष्णता सोसावी लागते आणि तारेच्या प्रसरणाला वावही द्यावा लागतो. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे अमेरिकी पेटंट मिळाले. तार लालबुंद तापवणे त्यामुळे व्यवहार्य झाले. आधाराची कसोटीही तितकीच कठीण झाली. या मिश्रधातूचे प्रसरण अॅल्युमिनाच्या सुमारे दुप्पट असते. खरा तांत्रिक प्रश्न आहे तो हा.

१९७१ च्या स्ट्रासबर्ग करारावर उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात रोधकांचा उपवर्ग 'एच०१सी' हा आहे. तेथे आधाराला 'तपशील' या गटात जागा मिळते. रोधक घटकाच्या लांबीभर जाऊन त्याला ताठरपणा देणारा आधार १/०१२ मध्ये, तर प्रसरणाची भरपाई करणारी रचना १/०१६ मध्ये येते. मात्र तार चपट्या पट्टीवर गुंडाळली की ३/१८, दंडगोलावर गुंडाळली की ३/२०, आणि तारेऐवजी पातळ थर दिला की ७/००! वस्तू तापवण्यासाठी असेल तर 'एच०५बी' आणि भर विसंवाहक द्रव्यावर असेल तर 'एच०१बी' पाहावा लागतो. आधार तोच, त्याचा पत्ता मात्र रोधक घटकाचा आकार ठरवतो.

ही व्यवस्था अविचारी नाही. आकृती पाहून चटकन कप्पा ठरवता येतो, हा तिचा गुण नाकारता येत नाही. शिवाय एका दस्तऐवजाला अनेक चिन्हे देता येतात, असा तिचा बचावही केला जातो. तो अपुरा आहे. शोधाशी थेट संबंधित माहितीचे वर्गीकरण अनिवार्य आहे, अतिरिक्त माहितीचे ऐच्छिक. आधार हा दाव्याचा विषय नसेल, तर त्याची नोंद राहून जाऊ शकते. २०१३ पासून अमलात आलेल्या युरोपीय-अमेरिकी सहकारी वर्गीकरणाने उपविभाग वाढवले, तरी उपवर्गाचा सांगाडा तोच ठेवला.

अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधकाने केवळ १/०१२ चाळून 'पूर्वज्ञान आढळले नाही' असे लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम २५(१) नुसार प्रसिद्ध झालेल्या अर्जाला मंजुरीपूर्वी कोणीही विरोध करू शकते. आणि त्या विरोधकाच्या हाती इस्त्रीतील अभ्रकाच्या पत्र्याचा, 'एच०५बी'मध्ये पडून राहिलेला एखादा जुना दस्तऐवज असू शकतो.