शिक्षा परत पाठवायची, पण कोणाकडे?

पेपरात ‘रिमांड’ हा शब्द दिसला की आपल्याला पोलीस कोठडी आठवते. आज ज्या रिमांडबद्दल लिहितेय तो वेगळा. वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाचा निकाल, किंवा त्यातला शिक्षेपुरता भाग, रद्द करतं आणि ‘हे पुन्हा ऐका’ म्हणून प्रकरण परत पाठवतं, तो हा रिमांड. गुन्हा सिद्ध झाला आहे, त्यावर वाद नाही. प्रश्न एवढाच की कायदा बदलल्यावरही शिक्षा जुन्याच पद्धतीने दिली गेली का, आणि दिली असेल तर ती आता कोणी दुरुस्त करायची.

शिक्षा या विषयावर संशोधन करायचा विचार असेल, तर दोन निकाल एकापाठोपाठ एक वाचा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोघांत वर्षाचंही अंतर नाही. ‘संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य’, ऑगस्ट 1976, आणि ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, एप्रिल 1977. पाठ्यपुस्तकांत दुसऱ्याने पहिल्याचं ‘स्पष्टीकरण’ केलं असं एका ओळीत सांगतात. माझं म्हणणं असं की स्पष्टीकरणाच्या नावाखाली दगडूने पहिल्या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हातातून सोडून दिला.

आधी कायदा काय बदलला ते बघू. 1955 पर्यंत खुनाच्या खटल्यात फाशी द्यायची नसेल, तर का नाही याची कारणं न्यायाधीशाला लिहावी लागत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती अट गेली. 1 एप्रिल 1974 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि पारडं उलटं फिरलं. कलम 354(3) नुसार आता फाशी द्यायची असेल तर खास कारणं लिहायची. आणि कलम 235(2) नुसार दोषी ठरवल्यावर, शिक्षा देण्याआधी, आरोपीला शिक्षेच्या प्रश्नावर ऐकायचं. अशी वेगळी सुनावणी विधी आयोगाने 1972 च्या 48 व्या अहवालात सुचवली होती.

कायदा एका तारखेला बदलतो, कोर्टातली सवय बदलत नाही. लुधियानाच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी 1975 मध्ये संता सिंगला दुहेरी खुनासाठी दोषी ठरवलं आणि त्याच निकालपत्रात फाशी दिली. मधे ऐकणं वगैरे काही नाही. उच्च न्यायालयानेही शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवती यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ‘ऐकणं’ म्हणजे वकिलाने उभं राहून दोन वाक्यं बोलणं नव्हे. माणसाचं वय, शिक्षण, घरची परिस्थिती, मानसिक अवस्था, सुधारण्याची शक्यता, या सगळ्यावर पुरावा देण्याची संधी म्हणजे ऐकणं. दुसरी, ही चूक किरकोळ म्हणून पोटात घालता येणार नाही. शिक्षा रद्द, प्रकरण परत सत्र न्यायालयाकडे.

दुसऱ्या मुद्द्यापाशी जरा थांबा. सरकारी बाजू नेहमी विचारते, ‘सुनावणी झाली नाही हे मान्य, पण त्याने आरोपीचं नुकसान काय झालं ते दाखवा.’ आता कसं दाखवणार? जे विचारलंच नाही ते नोंदीत येणार कुठून? संता सिंगने हा पेच ओळखला आणि सुनावणीच्या अभावातच नुकसान गृहीत धरलं. नोंद गप्प आहे याचा अर्थ सांगण्यासारखं काही नव्हतं, असा होत नाही.

मी स्वतः यात चुकले आहे. सिनॉप्सिससाठी निकालांचा तक्ता करताना, निकालपत्रात आरोपीच्या आयुष्याबद्दल काहीच नसेल तिथे मी रकान्यात ‘सौम्य करणारी परिस्थिती : नाही’ असं भरत गेले. बऱ्याच नोंदी झाल्यावर लक्षात आलं की मी ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ एकत्र मोजतेय. सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. तुम्ही सुरुवातीपासूनच दोन रकाने ठेवा.

आता दगडू. हा मानवतच्या खुनांचा खटला. परभणी जिल्ह्यातलं मानवत, 1972 ते 1974 या काळात बायका आणि लहान मुलींचे खून, मागे गुप्तधनाची समजूत. अशा प्रकरणात शिक्षेच्या सुनावणीचा मुद्दा काढणाऱ्या वकिलाबद्दल कोणाला सहानुभूती वाटणं कठीणच. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी 235(2) चं महत्त्व अजिबात नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं असं : संता सिंगमध्ये प्रकरण परत पाठवलं, म्हणून दर वेळी पाठवलंच पाहिजे असं नाही. वरचं न्यायालय स्वतःच ते साहित्य मागवून शिक्षेवर ऐकू शकतं. परत पाठवणं हा अपवाद, नियम नव्हे. नाहीतर खटले संपायचेच नाहीत.

युक्तिवाद सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. ज्या न्यायाधीशाने एका बैठकीत फाशी लिहिली, त्याच न्यायालयाकडे फाइल परत गेली तर तिथे मन खुलं असेलच याची हमी काय? शिवाय तोवर आरोपी फाशीच्या सावलीत बसलेला. त्याच 1977 साली ‘तरलोक सिंग’ प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनीही विलंबाचीच काळजी व्यक्त केली होती, आणि ते काही फाशीचे समर्थक नव्हते.

तरीही माझी तक्रार आहे. साहित्य सत्र न्यायालयात आलं, तर शाळेतले मास्तर, शेजारी, आई साक्षीला येऊ शकतात, त्यांना प्रश्न विचारता येतात आणि न्यायाधीश त्यांचा चेहरा बघतो. दिल्लीत पोचतं ते मुख्यतः प्रतिज्ञापत्र. गावातून दिल्लीपर्यंत कागद जमवण्याची ऐपत कोणाची असते, हा प्रश्न वेगळाच. दुसरं म्हणजे, सर्वोच्च न्यायालयच पहिल्यांदा ऐकणार असेल तर त्या निर्णयावर अपील कुठे करायचं? खाली चूक झाली म्हणून आरोपीच्या वाट्याच्या दोन पायऱ्या जातात. आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त खटकणारं : चूक वर निस्तरली जाणार असेल, तर खालच्या न्यायालयाने सवय का बदलावी?

पुढचा इतिहास याच बाजूने बोलतो, असं मला वाटतं. 1981 च्या ‘मुनिअप्पन’ निकालात खुद्द चंद्रचूड यांनाच, आता सरन्यायाधीश म्हणून, सांगावं लागलं की ‘काही म्हणायचंय का’ असा औपचारिक प्रश्न टाकला म्हणजे सुनावणी झाली असं होत नाही. 1989 मध्ये ‘अल्लाउद्दीन मियाँ’ने सुचवलं, दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी पुढची तारीख द्या. गंमत अशी की संसदेने 1978 च्या दुरुस्तीने कलम 309 मध्ये लिहून ठेवलं होतं की केवळ शिक्षेविरुद्ध कारण दाखवता यावं म्हणून तहकुबी देऊ नये. एक हात उघडतो, दुसरा मिटतो.

मग येतो मे 2022 चा ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. खटल्याच्या पातळीवरच आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक माहिती, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल न्यायालयासमोर आला पाहिजे, असं त्यात बजावलं. ‘संता सिंग’ शेजारी ठेवून वाचा. यादी बरीचशी तीच, मधे 46 वर्षं. आणि ‘मनोज’मध्येही सर्वोच्च न्यायालयाने अहवाल स्वतःच मागवले आणि फाशी स्वतःच बदलली, म्हणजे वाट दगडूचीच.

ऑगस्ट 2025 चा ‘दुपारे’ निकाल तर नागपूरचा. 2008 साली एका चार वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि तिचा खून. 2014 मध्ये अपील फेटाळलं, 2017 मध्ये पुनर्विलोकन अर्जही. नंतर दयेचा अर्जही नामंजूर. अनुच्छेद 32 खालच्या याचिकेवर न्यायालयाने म्हटलं की ‘मनोज’चे निकष पाळले नसतील तर फाशीच्या शिक्षेचा भाग पुन्हा उघडता येतो. दोषसिद्धीला हात लावला नाही. शिक्षेवर फेरसुनावणी होईल, पण हा मार्ग अपवादात्मक राहील अशी ताकीदही दिली.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया तुम्ही ऐकल्या असतील. मला त्या कुटुंबाचा विचार टाळता येत नाही. 17 वर्षांनंतर पुन्हा तारीख. वेळ वाचावा म्हणून जो मार्ग 1977 मध्ये निवडला, त्याने इथे वेळ वाचलेला नाही. सत्र न्यायालयात दोन-तीन महिने घालवून जे गोळा करता आलं असतं, ते आता इतक्या वर्षांनी शोधायचं; तेव्हाचे शिक्षक, तेव्हाचे शेजारी आता सापडतील का?

‘दुपारे’ वाचताना शेवटचा आदेश आधी वाचा. फेरसुनावणी सर्वोच्च न्यायालयातच होणार आहे, नागपूरच्या सत्र न्यायालयात नाही.