आईच्या टीव्हीवरचं गाणं

परवा कळंबला गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या मोबाइलवर ‘शब्दांच्या पलीकडले’ सापडतं का रे?" मुंबई दूरदर्शनवरचा मराठी गाण्यांचा हा जुना कार्यक्रम, निर्माते अरुण काकतकर. मला सापडला कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर उतरवलेला एक खरखरीत तुकडा.

असं काही मिळालं नाही की आपण पुसलेल्या टेपांना दोष देतो. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं चित्रण व्हायचं, हे खरंच. पण जे उरलंय त्याची तरी डीव्हीडी का नाही? कारण प्रसारणाची परवानगी वेगळी आणि विक्रीची वेगळी. भावगीताला कवी असतो, संगीतकार असतो. ते गेले की वारस. त्यांचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सिनेगीत असेल तर कंपनीही आलीच. दूरदर्शननं काही डीव्हीडी काढल्या, त्यांत शास्त्रीय गायन-वादन ठळक. पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या बंदिशीसाठी कुणाची सही आणायची? ते सोपं पडतं. कवीला मानधन मिळायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण सह्या जुळत नाहीत म्हणून भावगीतानं कपाटात पडून राहावं, हे मला पटत नाही.

आईनं तो तुकडा दोनदा पाहिला. आमचा तेव्हाचा टीव्ही कृष्णधवल.

"अगं बाई," ती म्हणाली, "साडी निळी होती होय!"