नामावलींतील काव्य

हवाई बेटांवरील 'कुमुलिपो' या सृष्टिस्तोत्राची वाखाणणी बहुधा भलत्याच कारणासाठीं होते. काळोख्या रात्रींतून प्रथम प्रवाळाचा सूक्ष्म जीव जन्मतो. मागून कृमि, शिंपले, मासे, पक्षी, कांसवें, डुक्कर, उंदीर व कुत्रा येतात. आणि मनुष्य आठव्या सर्गांत, रात्र सरून उजेड झाल्यावर अवतरतो. हा क्रम पाहून विद्वानांना डार्विन आठवतो. पण शास्त्राशीं जुळतें म्हणूनच काव्य थोर ठरवावयाचें असेल, तर तें वाचण्याचे कष्ट तरी कशाला घ्यावे?

त्याचें मर्म पहिल्या सर्गांतच सांपडतें. तेथें समुद्रांतील एकेका वनस्पतीला जमिनीवरची एक वनस्पति राखणदार म्हणून नेमून दिली आहे. अनेक जोड्यांच्या नांवांत ध्वनिसाम्य आहे. पाठांतराला ही युक्ति उपकारक झाली असेल. परंतु तेवढ्यानें तिचें मोल संपत नाहीं. एकटें असें कांहीं जन्मासच येत नाहीं, हा विचार येथें उपदेशानें नव्हे, केवळ पुनरुक्तीनें मनावर ठसतो. हवाईच्या परंपरेंत अळूला, आपल्या परसांतल्याच अळूला, मनुष्याचा थोरला भाऊ मानितात. मृत जन्मलेलें पहिलें मूल जेथें पुरलें तेथें अळू उगवलें, आणि धाकट्यालाही तेंच 'हालोआ' हें नांव मिळालें. थोरल्यानें पोसावें, धाकट्यानें निगा राखावी, असा हा करार आहे.

मात्र हें नातें समतेचें नव्हे. आदिवासी म्हटला कीं तो भोळा व निःस्वार्थी, असें मानणाऱ्या आपल्यांतील रसिकांनीं हें विसरूं नये. दोन हजारांहून अधिक ओळींच्या या स्तोत्राचा मोठा भाग वंशावळींनीं व्यापिला आहे, आणि एका राजकुलाचें मूळ देवांपर्यंत नेऊन भिडविणें हा त्याचा उघड हेतु आहे. १८८७ सालीं राजा कालाकाउआ याचे अधिकार बळजबरीनें लादलेल्या राज्यघटनेनें हिरावले गेले. १८८९ सालीं त्यानें हें स्तोत्र छापविलें. त्याची बहीण राणी लिलिउओकलानी १८९३ सालीं पदच्युत झाली. १८९५ सालीं आपल्याच राजवाड्यांत कैदेंत असतां तिनें त्याचें इंग्रजी भाषांतर आरंभिलें. तें १८९७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेनें तीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं. ज्या नामावलीवरून आपण पानें उलटून पुढें जातों, ती त्या भावंडांच्या हातीं उरलेली सनद होती.

वेंचे काढणाऱ्याला ही नामावली गाळण्याचा मोह होतो, तो समजण्याजोगा आहे. पण गाळली कीं काव्यच खंडित होतें. तिच्यांतही नांवें पुरुष व स्त्री अशा जोडीनेंच येतात. सागर आणि जमीन यांची पहिल्या सर्गांतली जोडी येथें माणसांच्या रूपानें चालूच असते. शिवाय 'ओली' नांवाच्या पठणांत दीर्घ चरण एका दमांत म्हणण्याचें कसब लागतें. एका श्वासांत कित्येक पिढ्या सरतात. छापील पानावर हा श्वास उमटत नाहीं, राणीच्या भाषांतरांतही नाहीं. म्हणून तें हातीं घेणाऱ्यानें वंशावळीचीं दोन पानें तरी मोठ्यानें म्हणून पाहावीं.