ठेक्याची बाजू

सुगम संगीताच्या साथीवर साहित्य संस्थेच्या पत्रिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही वाचक विचारतील. प्रयोजन शब्दाचे आहे. सुलतान बाजार, कोठी, जांबाग या परिसरात मराठी आता दुकानातल्या व्यवहाराची भाषा उरलेली नाही. शाळेतही तिचा वावर आक्रसला आहे. आमच्या नातवंडांच्या कानांवर घडीव मराठी पडते ती बहुतांशी भावगीतांतून, अभंगांतून, नाट्यपदांतून. तेव्हा गीतातला शब्द श्रोत्यापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता तरी वाङ्मयीन आहे. आणि अलीकडच्या कार्यक्रमांत तो पोहोचत नाही, असे आम्हांस वाटते.

गायिका ओळ संपवते आणि अखेरच्या स्वरावर क्षणभर थांबते. हा विराम कवीच्या यतीतून आलेला असतो, संगीतकाराने तो जपलेला असतो. नेमक्या त्याच जागी तबलावादक तुकडा टाकतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि सभागृहात टाळ्या पडतात. पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्या टाळ्यांत बुडतो. कडव्यागणिक हे घडले की श्रोता घरी जाताना तबल्याची तयारी आठवतो, कविता नाही.

तयारी हा दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. तमाशाच्या फडात ढोलकीची आतषबाजी हा त्या कलेचा प्राणच आहे. तिथे ढोलकी नर्तिकेच्या पावलाशी बोलते, तिला डिवचते, तिच्याकडून उत्तर घेते. स्वतंत्र तबलावादनात कायदा, रेला, गत यांचा विस्तार न करणारा वादक आम्हीही ऐकणार नाही. प्रश्न जागेचा आहे. ज्या अहमदजान थिरकवाँ यांच्या स्वतंत्र वादनापुढे भले भले मान तुकवीत, तेच थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत. आधी पद, मग आपण, हा क्रम एवढ्या मोठ्या वादकाने पाळला, म्हणून त्या साथीचे नाव अजून निघते. आठ मात्रांची धुमाळी तीच. पण प्रत्येक आवर्तनात बायाँचा घुमारा किंचित वेगळा, चाटेवरचा बोल कधी टणक, कधी मऊ.

चित्रपटसंगीतातले उदाहरण आणखी बोलके आहे. गोव्याचे दत्ताराम वाडकर हे शंकर-जयकिशन यांच्याकडे तालाची बाजू सांभाळीत. पुढे ‘अब दिल्ली दूर नहीं’ (1957) आणि ‘परवरिश’ (1958) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. तरीही त्यांचे नाव वादकांच्या तोंडी राहिले ते एका ठेक्यामुळे. ढोलकावरचे ते वजन ‘दत्तू ठेका’ म्हणून ओळखले जाऊ लागले. करामती अनेकांनी केल्या. ठेक्याला स्वतःचे नाव मिळण्याचा मान किती जणांना लाभला? 2007 साली दत्ताराम गेले, पण ते वजन अजून वाद्यवृंदांत वाजते. वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना ते कोणाचे हेही ठाऊक नसते.

आमच्या शहरालाही हे धडे परके नाहीत. सोलापुरात जन्मलेले उस्ताद शेख दाऊद यांनी आयुष्य हैदराबादेत काढले, येथील आकाशवाणीवर वाजवले, आणि थोर गायकांचे साथीदार म्हणून नाव मिळवले. दुसरीकडे रस्त्यावरचा मरफा आहे. हद्रमौतहून आलेले अरब आणि निजामाच्या घोडदळातील आफ्रिकी वंशाचे सिद्दी यांनी इथे रुजवलेले हे वादन आज लग्नाच्या वरातीपासून गणेश विसर्जनापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यातला तीनमार ऐका. तोच आघात पुन्हा पुन्हा येतो, आणि त्या पुनरावृत्तीतच त्याचे बळ आहे. कोणी मध्येच चमत्कृती करू लागला तर नाचणाऱ्यांचे पाऊल अडखळेल. (2024 च्या ऑक्टोबरात हैदराबाद पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांत डीजेला मनाई केली, तेव्हा मरफावाल्यांना बरे दिवस येतील असे आमच्या मनात आले, हेही जाता जाता सांगून टाकतो.)

दूर अमेरिकेतही हेच दिसते. जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’ या 1970 च्या ध्वनिमुद्रिकेत बाकीची वाद्ये थांबण्यापूर्वी ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याला गायक बजावतो की एकट्याची करामत नको, चालले आहे तेच चालू दे. त्याने ते चालू ठेवले. पुढे त्याच काही सेकंदांच्या तुकड्यावर इतरांनी असंख्य गाणी उभारली.

मग आपल्याकडे ठेक्याला कमीपणा का आला? एक कारण शिक्षणात आहे. ठेका हा तबल्याचा पहिला धडा. म्हणून तो मागे टाकायचा धडा, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. परीक्षेची तयारी कायदे-तुकड्यांची होते. एकच ठेका दहा मिनिटे न ढळता, न कंटाळवाणा होऊ देता धरून दाखव, असे सहसा कोणी सांगत नाही. दुसरे कारण आम्ही श्रोतेच. टाळी कुठे द्यावी हे वादक आमच्याकडून शिकतो.

नुसता ठेका यंत्रही वाजवते, असा एक आक्षेप घेतला जातो. रियाजासाठीच्या तालयंत्रावर एखादे भावगीत म्हणून पाहावे. मात्रा काटेकोर असतात आणि गीत निर्जीव होते. शब्दावर भार येताना बायाँ किंचित मागे घेणे, शेवटच्या अक्षराखाली आवाज उतरवणे, गायकाचा श्वास ओळखून समेवर हलकेच येणे हे यंत्राला साधत नाही. ज्याला कविता कळते त्यालाच ते साधते. म्हणून साथीला बसण्यापूर्वी वादकाने गीत एकदा वाचलेले असावे, ही आमची अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटत नाही.

संयोजकांना एक व्यावहारिक सूचना. तबल्याचा ध्वनिक्षेपक गायिकेच्या ध्वनिक्षेपकापेक्षा बराच खाली ठेवावा, आणि हे ध्वनिव्यवस्थेवर बसणाऱ्या गृहस्थांना पडदा उघडण्यापूर्वीच सांगावे. कार्यक्रम रंगल्यावर ते कोणाचेच ऐकत नाहीत.